एका पातेल्यातले तेवीस

निकाल जाहीर करायला डॉ. सौमित्र कारखानीसांनी नवा कोट शिवून घेतला होता. चाचणी फसली असं सांगायला कुणी नवा कोट शिवत नाही. त्यामुळे त्यांच्याकडे आणखी काहीतरी सांगण्यासारखं आहे, हे मला पहिल्या मिनिटालाच कळलं.

"मित्रहो," ते म्हणाले, "औषध हरलं. पण माणूस जिंकला."

टाळ्या झाल्या. पहिल्या दोन रांगांत त्यांचेच विद्यार्थी बसलेले, त्यामुळे टाळ्यांचं कौतुक नको.

पडद्यावर आकडे आले. चोवीस रुग्ण. सगळ्यांना रक्ताचा कर्करोग, आणि सगळ्यांवर आधीची औषधं थकलेली. त्यांतल्या बारा जणांना रोज अळंबीची पूड, बारा जणांना भाजलेल्या नाचणीचं पीठ. रंग सारखा, वास सारखा, कडूपणाही मुद्दाम सारखा केलेला. पुडीवर फक्त क्रमांक. कुणाच्या पुडीत काय आहे ते रुग्णाला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. चार महिन्यांनंतर पूड घेणाऱ्या बारांपैकी आठ जणांच्या रक्तातून रोग गेला होता, आणि पीठ घेणाऱ्या बारांपैकी सात जणांच्या.

आठ आणि सात. याला फरक म्हणत नाहीत. पूड आणि पीठ एकाच लायकीचं ठरलं. एकतीस डिसेंबरला पुड्या बंद, उरलेला साठा भट्टीत.

"पण विचार करा," कारखानीस पुढे म्हणाले, "काहीच दिलं नसतं, तर या चोविसांतले फार तर दोघे तरले असते. पंधरा तरले! कशाने? आशेने. एकत्र राहण्याने. मी याला 'सहवास-परिणाम' म्हणतो."

पंधरा माणसं नाचणीच्या पिठावर आणि आशेवर बरी होतात, यावर विश्वास ठेवायला फार शिकलेलं असावं लागतं. ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी मोठ्या स्वयंपाकात वाढपाचं काम केलंय, तिला असे जुळे आकडे पाहिल्यावर पहिला प्रश्न पडेल, की सगळ्यांना एकाच भांड्यातलं तर वाढलं नाही ना?

मला तो प्रश्न पडला नाही. मला उत्तर माहीत होतं.

मी गीतांजली उपळेकर, या चाचणीची नोंदतपासनीस. मिरजेतल्या आमच्या केंद्राच्या मागे 'सोबत निवास' नावाची तीन मजली इमारत आहे, तिथे रुग्ण आणि त्यांचं एकेक माणूस राहायचं. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मी तिथे जाऊन रिकाम्या पुड्या मोजायचे आणि सगळं नियमाप्रमाणे चाललंय अशी सही करायचे. मोजलेल्या पुड्या बरोबर असायच्या. सही खोटी असायची.

आता अळंबीबद्दल थोडं, म्हणजे पुढचा मूर्खपणा नीट कळेल.

चंदगडच्या जंगलात पावसाळ्यात वारुळांवर एक अळंबी उगवते. वाळवी तिची रीतसर शेती करते. लाकूड चावून आणते, त्यावर अळंबी पोसते आणि तीच खाते. या वारुळात दुसऱ्या कुठल्या बुरशीला थारा मिळत नाही. गंमत अशी, की अळंबी परक्या बुरशीला मारत नाही. ती तिला वेळेआधी प्रौढ करते. पसरायचं सोडून ती बुरशी घाईघाईने बीजाणू धरते आणि वाळून जाते. हे घडवणारा रेणू एका चमूने वेगळा केला. त्याचं खरं नाव ओळभर लांब आहे. प्रयोगशाळेतली पोरं त्याला 'प्रौढीन' म्हणायची.

रक्ताच्या कर्करोगाची गोष्टही प्रौढपणाचीच आहे. हाडांच्या आतल्या मज्जेत पांढऱ्या पेशी कच्च्या जन्माला येतात, मोठ्या होतात, जंतूंशी लढतात आणि वेळ झाली की मरतात. या रोगात काही पेशी मोठं व्हायचंच नाकारतात. काम करायचं नाही, मरायचं नाही, नुसती आपल्यासारखीच आणखी पिल्लं काढायची आणि जागा अडवून बसायचं. नेहमीची औषधं त्यांना विष घालतात, सोबत चांगल्या पेशीही मरतात. प्रौढीन विष घालत नाही. काचेच्या बशीत या कच्च्या पेशींवर प्रौढीन टाकला, तर पाचव्या दिवशी त्यांच्या केंद्रकाला खाचा पडू लागतात. पेशी मोठी झाल्याची ती खूण. मग ती कामाला लागते आणि आपल्या वेळेला शहाण्यासारखी मरते.

हे मला पहिल्यांदा समजावून सांगितलं गेलं, तेव्हा मला माझा माजी नवरा आठवला. त्यात नवल काही नव्हतं. रुग्ण क्रमांक सतरा तोच होता.

निनाद देशिंगकर, वय चोपन्न. याने लग्नांत ड्रोन उडवले, शेळीच्या दुधाचा साबण काढला, नाटककंपनी काढली, नगरपालिकेला उभा राहिला आणि स्वतःच्या गल्लीत पडला. दर वेळी "या वेळचं वेगळं आहे, गीते" हे वाक्य ठरलेलं. पंधरा वर्षं मी त्याला मोठं करायचा प्रयत्न केला, मग अकरा वर्षांपूर्वी सोडून दिला. चाचणी सुरू होताना मला एक अर्ज भरायचा होता: रुग्णांपैकी कुणी आपलं नातेवाईक आहे का? रकाने छापलेले: पती/पत्नी, अपत्य, भावंड. 'माजी' असा रकाना नव्हता. मी 'नाही' लिहिलं. खोटं लिहिताना नियमांची साथ असली की हात थरथरत नाही.

तर हा प्रौढीन अळंबीच्या पेशींच्या कडक भिंतीत अडकलेला असतो. वीस मिनिटं उकळल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि बाहेर काढून ठेवला तर दोन तासांत मोडतो. त्यामुळे गोळी करता येत नाही. रोज सकाळी सात वाजता ताजा काढा करायचा. म्हणून 'सोबत निवास'च्या तळमजल्यावर सामायिक स्वयंपाकघर दिलं होतं, सहा शेगड्यांचं.

आणि लक्ष ठेवायला 'दक्ष' होता. प्रत्येक पुडीत केसाएवढी चकती. रुग्णाचा किंवा त्याच्या माणसाचा अंगठा लागल्याशिवाय पुडी फाटत नसे. कुणी, कधी, कितव्या मिनिटाला उघडली, हे दक्षला कळायचं. पुडीतलं पुढे कुठे गेलं, ते कळायचं नाही. दक्ष बनवणाऱ्यांनी मंगळ ग्रहाचे नकाशे पाहिले असतील, पण सामायिक स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी मी सकाळीच गेले. तेवीस बायका ओट्याभोवती रांगेने उभ्या. प्रत्येकीने अंगठा लावून आपली पुडी फाडली आणि एकाच मोठ्या पातेल्यात रिकामी केली. डावाने ढवळत होत्या सारिकाकाकू चौगुले, राधानगरीकडच्या. त्यांचे यजमान रुग्ण क्रमांक चार.

"काकू, हे काय?"

"काढा."

"कुणाचा?"

"समद्यांचा." त्यांनी वर पाहिलंही नाही. "तुमीच सांगितलासा न्हवं, निम्म्यांत औषध हाय आन् निम्म्यांत पीठ? आता एका वट्यावर उभं ऱ्हायाचं, मी माझ्या माणसाला औषध पाजायचं आन् शेजारणीनं तिच्याला पीठ, आन् दोघींनी गप बघायचं? हे माणसाचं काम न्हाई, मॅडम. म्हणून घातलं समदं एकात. ज्येच्या वाट्याला जेवढं यील तेवढं."

"अहो, पण मग औषध चालतं का नाही ते कळणार कसं?"

"तुमास्नी कळायचं हाय. आमास्नी जगवायचं हाय."

मी तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण त्याच आठवड्यात दक्षने आमच्या केंद्राला शिस्तीबद्दल देशात पहिला क्रमांक दिला होता. तेवीस पुड्या रोज एकाच मिनिटाला उघडतात म्हटल्यावर कुठलंही यंत्र भाळेल. ढाल मिळाली, फोटो निघाला, फोटोत मी कारखानीसांच्या उजवीकडे आहे. आणि खरं सांगायचं तर मला त्या बायकांची कीव वाटली. वाटलं, एवढ्या अडाणी भाबडेपणाचा उजेड कधीतरी आपोआप पडेल, माझं तोंड कशाला? मी नोंदवहीत लिहिलं: 'स्वयंपाकघर: स्वच्छ.' त्यात खोटं काही नव्हतं. पातेलं आरशासारखं घासलेलं होतं.

निकालानंतर, त्याच सोमवारी दुपारी, पुड्यांचे क्रमांक सगळ्यांना खुले झाले. मी खोलीचं दार लावून माझा स्वतःचा तक्ता मांडला. औषध आणि पीठ हे रकाने पुसून टाकले. नवे दोन केले: पातेल्यातले आणि पातेल्याबाहेरचे.

पातेल्यातले तेवीस. सगळ्यांना रोज अर्ध्याहून थोडी जास्त मात्रा मिळालेली. त्यांतले पंधरा बरे. उरलेल्या आठांचा रोग गेला नव्हता, पण कच्च्या पेशी निम्म्यावर आल्या होत्या. तेविसांच्या तेवीस रेघा खाली उतरणाऱ्या.

पातेल्याबाहेर एक. त्याची रेघ एकटी वर चढत होती. शंभरात अडुसष्ट पेशी कच्च्या.

निनाद चाचणीला एकटा आला होता, सोबत कुणी बाईमाणूस नाही. सारिकाकाकूंनी त्याला पहिल्याच आठवड्यात बोलावलं होतं. याने "माझं मी बघतो" म्हणून दार लावून घेतलं होतं. खोलीतल्या विजेच्या शेगडीवर, निळ्या मुठीच्या स्वतःच्या किटलीत, तो आपली पुडी स्वतः उकळायचा. बायका त्याला 'सोवळे सतरा' म्हणायच्या. मीही हसायचे.

मी पुडीचा क्रमांक पाहिला. पीठ.

आयुष्यात पहिल्यांदाच निनाद देशिंगकर नियमाने वागला होता, आणि नेमका तोच मरायला टेकला होता. चार महिने रोज सकाळी सातला या माणसाने नाचणीचं पीठ बरोबर वीस मिनिटं उकळून, नाक मुरडून प्यायलं होतं. कारखानीसांच्या हिशेबाने त्याच्याकडे दीड महिना होता. पुड्या बंद व्हायला बारा दिवस. आणि पुड्या बंद झाल्या की बरे झालेले पंधराही टिकणार नव्हते, कारण प्रौढीन थांबला की मज्जेत लपलेल्या कच्च्या पेशी पुन्हा डोकं काढतात.

मंगळवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांना सांगितलं, की आपण पातेल्याबद्दल कबुली देऊ.

"कुठलं पातेलं?" सारिकाकाकू म्हणाल्या.

"काकू, तुमच्या हातात डाव आहे."

"आमटी हाय ती."

"सकाळी सात वाजता?"

"आमच्याकडं लवकर जेवत्यात."

बाकीच्या बावीस जणी भिंतीकडे पाहू लागल्या. कारण मला ठाऊक होतं. नियम नऊ: जो औषधाची देवाणघेवाण करेल तो चाचणीतून बाद. मी त्यांना कितीदा सांगितलं, की चाचणी संपली, आता बाद कशातून करणार? काकू डाव फिरवत राहिल्या.

मी खोलीत परतले, आणि मग एकेक यायला लागल्या. एकटीएकटी, पदराआडून, दबक्या आवाजात.

"मॅडम, कुणाला सांगू नका, पण औषधाची पुडी आमचीच होती. माझ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात गुण आला होता. पण म्हटलं, जाऊ दे, बाकीच्या बिचाऱ्यांना कुठून मिळणार?"

दुसरी आली. तिचीही पुडी औषधाचीच होती, तिनेही दया म्हणून ओतली होती. तिसरी तर वासावरून ओळखत होती. दुपारपर्यंत मोजलं तर बारा पुड्यांना एकोणीस दानशूर बायका झाल्या. ज्यांच्या पुडीत चार महिने निव्वळ नाचणी होती, त्यांतल्या आठ जणींनी मला त्यागाची कहाणी डोळ्यांत पाणी आणून सांगितली. मी कुणालाही क्रमांक दाखवला नाही. तेवढी सभ्यता माझ्यात आहे.

शेवटी सारिकाकाकू आल्या. मीच विचारलं, "तुमचीही औषधाचीच होती ना?"

"काय की. मी कधी इचारच केला न्हाई." त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. "सही कुटं करायची?"

त्यांनी सही केली. काकूंनी केली म्हटल्यावर मोठेपणा एकटीला जाऊ नये म्हणून बाकीच्या बावीस जणींनी तासाभरात केली.

तो कागद घेऊन मी कारखानीसांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला. चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्या नव्या कोटावर आमटी सांडली.

"उपळेकर, याचा अर्थ कळतो तुम्हाला?"

"कळतो. मी चार महिने खोटी सही केली."

"ते राहू द्या हो. सहवास-परिणामाचं काय? मला तीन परिषदांची आमंत्रणं आली आहेत."

"सर, सहवासाचा परिणाम झालाच आहे. त्यांनी औषध वाटून घेतलं."

त्यांना विनोद आवडला नाही. "बायकांच्या सह्या म्हणजे पुरावा नव्हे. गोठवलेले नमुने तपासायला कंपनीची परवानगी लागेल, आणि हरलेल्या औषधावर कंपनी आणखी वेळ घालवणार नाही." मग ते थांबले. मोठ्या माणसांचं एक बरं असतं, वारा फिरतोय असं वाटलं तर ती लगेच मान वळवतात. "एक रुग्ण पातेल्याबाहेर राहिला म्हणता? मग त्याला पातेल्यातलं पाजा. अजून पुड्या आहेत. संमतीचा कागद मी देतो. पाच दिवसांनी मज्जा पाहू. केंद्रकांना खाचा दिसल्या तर कंपनीला मी स्वतः लिहीन. नाही दिसल्या तर तुमचा राजीनामा."

"आणि दिसल्या तर?"

"तरी राजीनामा लागेलच, उपळेकर. खोट्या सह्या आहेत."

इतकं प्रामाणिक त्यांना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी पावणेसातला मी सतरा नंबरचं दार वाजवलं. निनाद पलंगावर बसून शेगडी पेटवत होता. गाल आत गेलेले, मनगटं काठीसारखी. शेगडीवर ती निळ्या मुठीची किटली.

"पुड्या मोजायला तू सोमवारी नि गुरुवारी येतेस. आज बुधवार," तो म्हणाला. "म्हणजे मी मरतोय."

"शेगडी बंद कर. त्यात पीठ आहे."

"काय?"

"तुझ्या पुडीत चार महिने नाचणी होती. खाली पातेल्यात औषध आहे. उठ, चल."

तो हसला. "माझंच खरं आहे, गीते. एवढ्या उलट्या उगाच होतात?"

"त्या रोगाने होतात."

"असेल. पण त्या पातेल्यातलं मी पिणार नाही. तेवीस घरच्या बायका त्यात डाव घालतात. चाखून बघतात आणि तोच डाव पुन्हा आत. ई!"

मग मात्र माझा तोल गेला. पंधरा वर्षं संसारात आणि अकरा वर्षं त्याबाहेर साठवलेलं सगळं मी त्या बारक्या खोलीत ओतलं. "कोण समजतोस तू स्वतःला? घरात दमडीची अक्कल नाही आणि घराण्याचा सोवळेपणा तेवढा टिकवलाय! मरायला टेकलास तरी किटली वेगळी. राधानगरीची बाई आपल्या नवऱ्याच्या तोंडचं औषध दुसऱ्याला देते, आणि हे देशिंगकर सरदार, यांना तिचा डाव चालत नाही!"

माझा श्वास संपला तेव्हा तो म्हणाला, "घराण्याचा? गीते, माझी आई लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातला लाडू उचलायची. आमच्या घराण्यात कसलं आलंय सोवळं? हे तुझं आहे."

"माझं?"

"लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मला कावीळ झाली होती. गाड्यावरचा उसाचा रस प्यायलो म्हणून. चाळीस दिवस तू माझं सगळं केलंस. मग माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून घेतलास आणि म्हणालीस, 'यापुढे परक्या भांड्यातलं तोंडाला लावायचं नाही. मेलास तरी लावायचं नाही.' दुसऱ्या दिवशी लक्ष्मी मार्केटमधून ही किटली आणलीस." त्याने मुठीवरचा डाग अंगठ्याने पुसला. तो डाग जुना होता, पुसला जाणारा नव्हता. "तू सांगितलेलं बाकी काही मला जमलं नाही. नोकरी टिकवणं, वेळेवर घरी येणं, कुठलंच. म्हटलं, हे एक तरी पाळू."

मी किटलीकडे पाहिलं. चार महिने आठवड्यातून दोनदा मी ती पाहिली होती, तिच्यावर हसले होते, आणि ओळखली नव्हती.

मी हात पुढे करून शेगडी बंद केली.

"मग आता मीच सांगते," मी म्हटलं. "लाव तोंडाला."

"आधी तू."

त्याचा हात धरून मी त्याला जिन्यावरून खाली नेलं. एकेका पायरीवर तो थांबत होता. स्वयंपाकघरात काढा नुकताच उतरवला होता. ओट्यावर पेले ओळीने मांडलेले. सवयीने मी मोजले. चोवीस.

"काकू, एक पेला जास्त आहे."

"जास्त कुटला? त्यो सतरांचा." सारिकाकाकूंनी मानेनेच निनादकडे बोट केल्यासारखं केलं. "पयल्या दिसापासनं रोज काढून ठिवते. आठ वाजेस्तोवर आलं न्हाईत की समद्यांच्यात परत ओतते."

चार महिने मी या ओट्यावर रिकाम्या पुड्या मोजत होते. पेले एकदाही मोजले नव्हते.

मी तो पेला उचलला आणि एक घोट घेतला. ओली माती, जळकं लाकूड आणि कारल्याची साल एकत्र उकळल्यासारखी चव. डोळ्यांतून पाणी आलं. बायका बघतच राहिल्या.

"एकच घोट हां, मॅडम," काकू म्हणाल्या. "औषध हाय ते, च्या न्हवं."

मी पेला निनादच्या हातात दिला. त्याने पेल्याच्या कडेला बघितलं, जिथे माझे ओठ लागले होते, तिथूनच तोंडाला लावला आणि न थांबता संपवला.

"गीते, घाण आहे."

"उद्या पुन्हा आहे."

पाच दिवस तो रोज आला. तिसऱ्या दिवशी तर रांगेत पुढे घुसला म्हणून क्रमांक नऊच्या बायकोने त्याला झापलं. किटली खोलीत तशीच.

सव्वीस तारखेला मज्जेचा नमुना घेतला. माझं ओळखपत्र तोवर जमा झालं होतं, त्यामुळे प्रयोगशाळेत मला प्रवेश नव्हता. तंत्रज्ञ मुलीने काचेच्या दारापलीकडून पडदा माझ्याकडे वळवला. गोल, गुळगुळीत, बिनकामाच्या पेशींच्या गर्दीत काहींचं केंद्रक वाकलं होतं. काहींना स्पष्ट खाचा. मी काचेला नाक लावून मोजल्या. अडुसष्टांतल्या एकवीस पेशींनी मोठं व्हायला सुरुवात केली होती. बाकीच्या निनादबद्दल मी काही म्हणणार नाही; विज्ञानाने इतकी अपेक्षा ठेवलेली नाही.

कारखानीसांनी त्याच दुपारी कंपनीला पत्र लिहिलं. त्यात 'माझ्या निरीक्षणानुसार' हे शब्द पाच वेळा आले आहेत. गोठवलेले नमुने बाहेर निघाले, तेविसांच्या तेवीस नमुन्यांत प्रौढीनची खूण सापडली, आणि एकतीसला पुड्या बंद झाल्या नाहीत. तिन्ही परिषदांतलं भाषण तेच राहिलं, शीर्षक तेवढं बदललं. कोटही तोच असेल.

माझा राजीनामा मंजूर झाला. जाण्याआधी सगळ्या नोंदी दुरुस्त करून द्या, असा हुकूम आला. तेवीस रुग्णांच्या पानांवर मी 'नियमभंग: होय' लिहिलं, आणि 'नियमभंग कुणाला माहीत होता' या रकान्यात तेवीस वेळा स्वतःचं नाव. हात दुखला.

शेवटी सतराचं पान. नियमभंग: नाही. त्याखाली पडद्यावर दक्षचा प्रश्न होता, 'रुग्णाने सामूहिक वर्तनापासून वेगळं राहण्याचं कारण'. मी लिहिलं, 'पत्नीची सूचना.' मग दक्षने नेहमीप्रमाणे खालचा चौकोन उघडला: सूचना देणाऱ्या व्यक्तीचं रुग्णाशी नातं? रकाने तेच: पती/पत्नी, अपत्य, भावंड.

मी पानाची छापील प्रत काढली, 'पत्नी'वर खूण केली, आणि तिच्या आधी समासात पेनाने 'माजी' असं लिहून खाली सही केली. त्या वहीतली माझी पहिली खरी सही.